विश्वासाचे कुलूप : अर्देशिर गोदरेज

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक वस्तूंची पारख रोजच्या वापरातून होते. धान्य कसे आहे, हे ते शिजवल्यावर कळते. कापड टिकाऊ आहे की नाही, हे दोन-चार धुण्यांत समजते. कुलूप, तिजोरी किंवा आगीची सूचना देणारे यंत्र यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. चोर दाराशी येईपर्यंत चांगले आणि वाईट कुलूप सारखेच दिसते. आग लागेपर्यंत प्रत्येक तिजोरी अग्निरोधक वाटते. त्यांची खरी परीक्षा ज्या क्षणी होते, त्या क्षणी चूक सुधारण्यास वेळ उरलेला नसतो. म्हणून अशी वस्तू विकत घेणारा माणूस खरे पाहता लोखंड विकत घेत नाही. तो ती बनवणाऱ्याचा शब्द विकत घेतो. हे सत्य ज्यांनी जाणले आणि त्यावर आपला उद्योग उभारला, त्या अर्देशिर गोदरेज यांच्या जीवनाची ही ओळख.

बालपण आणि शिक्षण

अर्देशिर यांचा जन्म 1868 साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील बुर्जोरजी हे जमीनजुमल्याच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करीत. सहा भावंडांत अर्देशिर थोरले होते. 1871 साली वडिलांनी कुटुंबाचे आडनाव बदलून ते गोदरेज असे केले. पुढे हेच नाव भारतातील लाखो घरांच्या दारांवर आणि कपाटांवर दिसणार होते. परंतु त्या काळी त्याची कोणाला कल्पना असणे शक्य नव्हते.

अर्देशिर यांचे तारुण्य सुखाचे गेले नाही. 1890 साली बचुबाईंशी त्यांचा विवाह झाला. मात्र पुढच्याच वर्षी बचुबाईंचा मृत्यू झाला. अर्देशिर यांनी पुन्हा विवाह केला नाही. त्यांनी कायद्याचे शिक्षण पूर्ण करून वकिलीचा मार्ग धरला. त्या काळातील सुशिक्षित तरुणाला प्रतिष्ठा आणि धन मिळवून देणारा याहून चांगला व्यवसाय क्वचितच असेल.

न्यायालयातील माघार

1894 साली मुंबईतील वकिलांच्या एका पेढीने अर्देशिर यांना एका खटल्याच्या कामासाठी पूर्व आफ्रिकेतील झांझिबार येथे पाठवले. झांझिबार हे त्या काळी भरभराटीचे व्यापारी बंदर होते आणि तेथे भारतीय व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. तरुण वकिलाला नाव कमावण्याची ही चांगली संधी होती. योगायोग असा की, त्याच्या आदल्याच वर्षी मोहनदास करमचंद गांधी हेही अशाच एका खटल्यासाठी दक्षिण आफ्रिकेला गेले होते.

खटला चालू असताना अर्देशिर यांच्या मनात मोठा संघर्ष निर्माण झाला. आपल्या अशिलाच्या बाजूने जे मांडायचे, ते पूर्णपणे सत्य आहे असे त्यांना वाटेना. वकिलाने अशिलाची बाजू मांडावी, खऱ्याखोट्याचा निवाडा न्यायाधीशाने करावा, हा त्या व्यवसायाचा सर्वमान्य नियम. अनेकांनी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला. परंतु स्वतःला न पटलेली गोष्ट खरी म्हणून सांगणे अर्देशिर यांना जमणारे नव्हते. त्यांनी ते काम सोडले आणि 1895 साली ते मुंबईला परतले. वकिलीकडे त्यांनी पुन्हा वळून पाहिले नाही.

हा निर्णय सोपा नव्हता. इतकी वर्षे घेतलेले शिक्षण वाया गेले होते. वय सत्तावीस, हाताशी व्यवसाय नाही आणि लोकांच्या दृष्टीने पदरी अपयश. काही काळ त्यांनी एका औषधविक्रेत्याकडे साहाय्यक म्हणून काम केले. ज्याने न्यायालयात उभे राहायचे, तो आता दुकानात औषधांच्या बाटल्या हाताळू लागला.

दुसरे अपयश

औषधांच्या दुकानात काम करताना शस्त्रक्रियेसाठी लागणारी उपकरणे अर्देशिर यांच्या पाहण्यात आली. चाकू, चिमटे, कात्र्या ही सारी उपकरणे परदेशातून येत. अशी उपकरणे येथेच का बनवू नयेत, असा विचार त्यांच्या मनात आला. भांडवलासाठी ते मेरवानजी कामा यांच्याकडे गेले. कामा हे वडिलांचे स्नेही आणि मुंबईतील प्रतिष्ठित गृहस्थ. त्यांनी तीन हजार रुपयांचे कर्ज दिले. त्या काळी ही मोठी रक्कम होती.

अर्देशिर यांनी बनवलेली उपकरणे गुणवत्तेत कमी नव्हती. एका ब्रिटिश कंपनीने ती विकण्याची तयारीही दाखवली. फक्त एक अट होती : त्या उपकरणांवर ती भारतात बनल्याचा उल्लेख असू नये. भारतीय बनावटीचा माल म्हटल्यावर ग्राहक त्यावर विश्वास ठेवणार नाहीत, असे त्या कंपनीच्या चालकाचे म्हणणे होते. व्यापाराच्या दृष्टीने पाहता ही अट मान्य करण्यात काही बिघडत नव्हते. माल खपला असता, कर्ज फिटले असते. परंतु वस्तू जेथे बनली ते स्थान लपवणे म्हणजे ग्राहकाला फसवणे, असे अर्देशिर यांना वाटले. त्यांनी अट नाकारली आणि तो उद्योग तेथेच संपला.

अशा रीतीने दोन व्यवसाय सत्याच्या आग्रहापायी हातचे गेले. व्यवहारी जगाने अशा माणसाला हट्टी आणि अव्यवहारी ठरवले असते, यात नवल नाही. आता त्यांच्यापुढे असा व्यवसाय शोधण्याचा प्रश्न होता, ज्यात हा आग्रह दोष न ठरता भांडवल ठरेल.

घरफोड्यांची बातमी

एके दिवशी वर्तमानपत्रात मुंबईत वाढलेल्या घरफोड्यांविषयीचा मजकूर अर्देशिर यांच्या वाचनात आला. तो काळच मुंबईच्या दृष्टीने कठीण होता. 1896 साली शहरात प्लेगची साथ पसरली. भयभीत झालेले लाखो लोक घरे बंद करून गावोगाव निघून गेले. अशा शहरात दारावरच्या कुलपाचे मोल काय असते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्या काळी चांगली कुलपे इंग्लंडमधून येत आणि ती महाग असत. देशी कुलपे अलीगढसारख्या ठिकाणचे कारागीर हाताने घडवीत. त्यांचे कौशल्य मोठे होते, पण यंत्राने येणारा अचूकपणा हाताने साधणे कठीण होते. यंत्रांच्या साहाय्याने आणि तरीही प्रत्येक कुलपाकडे स्वतंत्र लक्ष देऊन उत्तम कुलूप येथेच बनवावे, असे अर्देशिर यांनी ठरवले. ते पुन्हा कामा यांच्याकडे गेले. पहिल्या कर्जाचा उद्योग बुडालेला असतानाही कामा यांनी त्यांना पुन्हा साहाय्य केले. कर्जदाराचा धंदा बुडाला होता, पण त्याची नीती बुडाली नव्हती, हे त्या वृद्ध गृहस्थाने ओळखले असावे.

7 मे 1897 रोजी मुंबईच्या लालबाग भागात, गॅस कंपनीच्या शेजारी, एका लहानशा शेडमध्ये कुलपांचे काम सुरू झाले. गुजरात आणि मलबार येथून आणलेले बारा कारागीर एवढेच तेथील मनुष्यबळ होते.

कुलपाच्या आतील जग

कुलूप बाहेरून साधे दिसते. त्याची खरी करामत आत असते. त्या काळच्या चांगल्या कुलपांत लिव्हर, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या, एकावर एक बसवलेल्या असत. योग्य किल्ली फिरवली की तिचे दाते प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीपर्यंत उचलतात आणि मग कुलपाचा अडसर सरकण्यास वाट मिळते. एखादी पट्टी केसभर जास्त किंवा कमी उचलली गेली, तर कुलूप उघडत नाही. पट्ट्या जितक्या अचूक आणि संख्येने अधिक, तितके कुलूप भक्कम. याउलट, पट्ट्या ओबडधोबड असतील तर एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागू शकते आणि वाकवलेल्या तारेनेही काम भागते.

अर्देशिर यांच्या पहिल्या कुलपांचे नाव 'अँकर' असे होते. एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपाला लागणार नाही, अशी हमी त्यासोबत दिली जाई. त्या काळच्या ग्राहकाला ही हमी नवीन होती. दुकानदार आपल्या मालाची स्तुती करतो, हे सर्वांना ठाऊक होते. परंतु मालाविषयी लेखी शब्द देणे ही वेगळी गोष्ट होती. तो शब्द खोटा ठरला असता, तर लालबागची ती शेड काही महिन्यांतच बंद पडली असती.

पुढील काळात त्यांनी कुलपांचे अनेक प्रकार बनवले. एका प्रकारच्या कुलपाला दोन किल्ल्या असत. दोन्ही किल्ल्यांनी कुलूप उघडे; परंतु दुसरी किल्ली विशिष्ट रीतीने फिरवली की आतील रचना बदले आणि पहिली किल्ली निरुपयोगी होई. पहिली किल्ली नोकराकडून हरवली किंवा कोणी तिची नक्कल करून घेतली, तरी मालकाला नवे कुलूप घ्यावे लागत नसे.

दुसरा प्रकार होता संशय दाखवणाऱ्या कुलपाचा. या कल्पनेचा जन्म इंग्लंडमध्ये झाला होता. पोर्ट्समथच्या गोदीतील चोरीनंतर जेरेमाया चब यांनी 1818 साली असे कुलूप तयार केले. चुकीची किल्ली किंवा तार घालून कोणी ते उघडण्याचा प्रयत्न केला, की आतील एक पट्टी अडकून बसे. मग खऱ्या किल्लीनेही ते लगेच उघडत नसे. त्यामुळे आपल्या माघारी कोणी हात घातला होता, हे मालकाला समजे. अर्देशिर यांनी या तत्त्वावर चालणारी कुलपे भारतात बनवली. आज चोराची चाहूल लागताच घंटा वाजवणारी विजेची यंत्रे मिळतात. त्यांच्यामागील विचार हाच आहे : केवळ अडथळा पुरेसा नाही, धोक्याची वार्ताही मालकापर्यंत पोहोचली पाहिजे.

कुलपातील पट्ट्या जागेवर आणण्यासाठी सर्वसाधारणपणे बारीक स्प्रिंग वापरत. दमट हवेत स्प्रिंग गंजे, वारंवार वापराने तुटे आणि कुलूप बिघडे. कुलपातील या दुबळ्या भागाचाच विचार करून अर्देशिर यांनी स्प्रिंगविरहित कुलूप तयार केले आणि त्याचे पेटंट 1909 साली मिळवले.

अर्थात, कोणतेही कुलूप अजिंक्य नसते, याचे भान या व्यवसायात ठेवावे लागते. 1851 साली लंडनमधील मोठ्या औद्योगिक प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने चब यांचे प्रसिद्ध कुलूप सर्वांसमक्ष सुमारे अर्ध्या तासात उघडून दाखवले होते. अभेद्य मानली जाणारी वस्तू परीक्षेत उतरली नाही. परंतु त्या पराभवामुळेच कुलपे पुढे अधिक चांगली होत गेली. चांगले कुलूप चोराला कायमचे रोखत नाही. ते त्याचा वेळ खाते आणि वेळ हाच चोराचा मोठा शत्रू असतो.

दोन शत्रू : चोर आणि आग

कुलपांचा उद्योग स्थिरावल्यावर अर्देशिर यांचे लक्ष तिजोरीकडे गेले. त्या काळी मोठे व्यापारी आणि सावकार इंग्लंडहून तिजोऱ्या मागवीत. तिजोरी चोराला दाद देणार नाही एवढे पुरेसे नाही, ती आगीलाही पुरून उरली पाहिजे, असा अर्देशिर यांचा आग्रह होता. याचे कारण उघड आहे. व्यापाऱ्याच्या तिजोरीत केवळ सोने-नाणे नसते. हिशेबाच्या वह्या, करारपत्रे, गहाणखते आणि मालमत्तेचे दस्तऐवज असतात. सोने वितळले तरी सोनेच राहते. जळालेले गहाणखत मात्र परत मिळत नाही.

चोर आणि आग हे दोन शत्रू अगदी भिन्न प्रकारचे आहेत. चोराविरुद्ध जाड पोलाद उपयोगी पडते. आगीपुढे मात्र नुसते पोलाद दुबळे ठरते, कारण धातू उष्णता झपाट्याने आत पोहोचवतो. नुसत्या पत्र्याची पेटी आगीत सापडली, तर ती भट्टीसारखी तापते आणि आतील कागद ज्वाळांचा स्पर्श न होताही काळेठिक्कर पडतात. म्हणून अग्निरोधक तिजोरीच्या दोन भिंतींमध्ये उष्णतेला अडवणारा पदार्थ भरावा लागतो. तुरटी किंवा जिप्सम यांसारख्या पदार्थांच्या स्फटिकांत पाणी बद्ध असते. आगीत ते पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि ते संपेपर्यंत आतील तापमान फारसे वाढू देत नाही. म्हणजे अग्निरोधक तिजोरीही कायमची अभेद्य नसते; ती ठरावीक वेळापर्यंतच आतील वस्तूंचे रक्षण करते. तेवढ्या वेळात आग विझणे आवश्यक असते.

अर्देशिर यांनी तिजोरीचे अनेक आराखडे काढले, कारागिरांशी चर्चा केल्या आणि पुन्हा पुन्हा बदल केले. जोड म्हणजे दुर्बल जागा. जेथे दोन पत्रे एकमेकांना जोडलेले असतात, तेथेच चोराची पहार शिरते. म्हणून त्यांनी पोलादाचा अखंड पत्रा वाकवून तिजोरीचा सांगाडा बनवण्याची रीत अवलंबली. दरवाजा दुहेरी पत्र्याचा केला आणि कुलूप आतील पत्र्याला बसवले. त्यामुळे बाहेरच्या पत्र्यावर घाव पडले तरी कुलूप सुरक्षित राही. 1902 साली त्यांची पहिली तिजोरी बाजारात आली. 1910 च्या सुमारास त्यांनी युरोपचा प्रवास केला आणि तेथील नामवंत कारखान्यांचे काम स्वतः पाहिले. आपला माल त्यांच्या तोडीचा आहे, याची खात्री पटवूनच ते परतले.

1906 साली धाकटे बंधू पिरोजशा या उद्योगात आले. अर्देशिर यांचा पिंड संशोधकाचा, तर पिरोजशा यांचा संघटकाचा. दोघांच्या सहकार्याने उद्योग वाढला. कंपनीच्या नावातील बॉइस हा शब्द अनेकांना कोड्यात टाकतो. बॉइस हे मेरवानजी कामा यांचे भाचे. ते काही काळ उद्योगात भागीदार होते. ते लवकरच बाहेर पडले. परंतु त्यांचे नाव पाटीवर कायम राहिले. अडचणीच्या काळी ज्यांनी हात दिला, त्यांच्या घरातील नावाचे स्मरण अशा रीतीने जपले गेले.

स्वदेशीचा वेगळा अर्थ

दादाभाई नवरोजी यांच्या आर्थिक विचारांचा अर्देशिर यांच्यावर मोठा प्रभाव होता. परकीय मालामुळे देशाची संपत्ती बाहेर जाते, हे त्यांना पटले होते. 1921 साली टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपयांची देणगी दिली. पहिल्या उद्योगासाठी त्यांनी जेवढे कर्ज काढले होते, त्याच्या शंभरपट ही रक्कम होती.

असे असले तरी स्वदेशीविषयीचे त्यांचे मत प्रचलित मतापेक्षा निराळे होते. माल देशी आहे म्हणून तो निकृष्ट असला तरी लोकांनी सोसावा, हा विचार त्यांना मान्य नव्हता. अशा त्यागावर आधारलेली स्वदेशी फार काळ टिकणार नाही, असे ते मानत. भारतीय वस्तू परदेशी वस्तूच्या बरोबरीची किंवा तिच्याहून सरस असली पाहिजे, म्हणजे ग्राहक ती अभिमानाने घेईल, असा त्यांचा विश्वास होता. सुरक्षिततेच्या साधनांबाबत तर हा विचार अधिकच खरा ठरतो. देशप्रेमापोटी घेतलेले कच्चे कुलूप चोराला थांबवू शकत नाही.

1918 साली त्यांनी प्राणिज चरबीऐवजी वनस्पती तेलापासून साबण बनवला. चरबीच्या वापरामुळे अनेक भारतीयांना साबण वर्ज्य वाटे. त्यांच्या श्रद्धेचा मान राखणारा हा साबण होता आणि त्याचे नाव ठेवले गेले 'चावी'. कुलूपकाराने आपल्या मूळ व्यवसायाची खूण अशी जपली.

उत्तर आयुष्यात अर्देशिर यांनी उद्योगाची सूत्रे पिरोजशा यांच्या हाती सोपवली आणि ते नाशिक येथे जाऊन शेतीच्या प्रयोगांत रमले. 1936 साली त्यांचे निधन झाले.

परीक्षेचा दिवस

अर्देशिर यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी त्यांच्या कामाची मोठी परीक्षा झाली. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकत्र भरलेली होती. दोन प्रचंड स्फोटांनी शहर हादरले. जळत्या कापसाचे बोळे दूरवर उडाले आणि आसपासच्या वस्त्या, वखारी व दुकाने पेटली. शेकडो माणसे प्राणास मुकली. आग विझवताना अग्निशमन दलाच्या 66 जवानांनी प्राणार्पण केले. त्यांच्या स्मरणार्थ भारतभर दरवर्षी 14 एप्रिल हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

आग शमल्यावर राखेच्या ढिगाऱ्यांतून अनेक तिजोऱ्या बाहेर काढण्यात आल्या. अर्देशिर यांच्या कारखान्यात बनलेल्या अनेक तिजोऱ्यांतील कागद आणि मौल्यवान वस्तू शाबूत निघाल्या. ज्याने शब्द दिला होता तो माणूस हयात नव्हता. शब्द मात्र पाळला गेला होता.

पुढे 1951-52 मध्ये स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तिच्यासाठी लाखो पोलादी मतपेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. बाहेरून निराळे कुलूप लावावे लागू नये म्हणून पेटी आतून बंद होण्याची सोय तिच्यातच केलेली होती. घरातील दागिने आणि दुकानातील वह्या यांच्या रक्षणापासून सुरू झालेला प्रवास नागरिकांच्या मतांच्या रक्षणापर्यंत येऊन पोहोचला.

आजच्या ग्राहकासाठी बोध

अर्देशिर यांच्या काळी घराघरांत धूर ओळखून घंटा वाजवणारी यंत्रे नव्हती, दारावर कॅमेरे नव्हते. आज ही साधने शहरांतील आणि लहान गावांतील बाजारांतही मिळतात. त्यांची निवड करताना मात्र अर्देशिर यांनी स्वतःला विचारलेले प्रश्नच ग्राहकाला उपयोगी पडतात.

पहिला प्रश्न, रक्षण कशापासून हवे आहे? चोरापासून वाचवणारी वस्तू आगीपासून वाचवीलच असे नाही. घरातील साधे पोलादी कपाट भक्कम दिसते. परंतु त्याच्या पातळ पत्र्यात आगीला अडवणारे काही नसते. शाळेचे दाखले, जमिनीचे कागद अशा कपाटात आगीपासून सुरक्षित आहेत, असे समजणे धोक्याचे आहे. दुसरा प्रश्न, किती वेळ? अग्निरोधक तिजोरी घेताना ती किती मिनिटे आग सोसते आणि तिची चाचणी कोणी केली आहे, हे विचारावे. तिसरा प्रश्न, वार्ता कोणाला पोहोचणार? चोराची सूचना देणारी घंटा ऐकायला कोणी नसेल किंवा धुराच्या यंत्राची बॅटरी संपली असेल, तर यंत्र असून नसल्यासारखेच आहे. महिन्यातून एकदा यंत्राचे बटण दाबून ते वाजते का, हे पाहावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चोराला रोखण्यासाठी आपण दारे-खिडक्या बंद करतो. आगीच्या वेळी मात्र त्याच दारा-खिडक्यांतून बाहेर पडावे लागते. सर्व खिडक्यांना न उघडणाऱ्या जाळ्या बसवलेल्या आणि दाराच्या आतील कुलपाची किल्ली सापडत नाही, असे घर चोरापासून सुरक्षित असेल, पण आगीत ते पिंजरा ठरते. निदान एक जाळी आतून उघडणारी असावी आणि किल्ली घरातील सर्वांना ठाऊक असलेल्या जागी असावी. दुकानात किंवा कारखान्यात बाहेर पडण्याच्या वाटेवर माल रचून ठेवू नये. वस्तू तिजोरी वाचवील. माणसाला मात्र मोकळी वाटच वाचवते.

अर्देशिर गोदरेज यांनी सत्यासाठी वकिली सोडली, सत्यासाठीच पहिला उद्योग गमावला. ज्या स्वभावामुळे ते दोनदा हरले, त्याच स्वभावाने तिसऱ्यांदा त्यांना यश दिले. कारण या वेळी त्यांनी विकण्यासाठी निवडलेली वस्तू विश्वासावाचून निरर्थक होती. ज्या कुलपावर विसंबून माणूस रात्री निश्चिंत झोपतो, त्याच्या आत पोलादाइतकाच ते घडवणाऱ्याचा प्रामाणिकपणाही असावा लागतो.